जीव द्यावासा वाटणाऱ्या माणसाशी कसं बोलावं आणि नंतर काय करावं: इंदूरच्या मंडळांसाठी

‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ घरातलं कुणी आठवडाभर धड जेवत नसेल, बोलत नसेल, तर आपल्याकडे हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकायचं असतं, समोरच्याला ते कळतं, आणि तो ‘नाही’ म्हणतो. दोघेही सुटतात. आत्महत्या रोखण्याचं प्रशिक्षण सुरू होतं ते इथून. हा प्रश्न विसरायचा आणि त्याच्या जागी दुसरा तोंडात बसवायचा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

हा लेख इंदूरच्या मराठी मंडळांसाठी आहे, ज्येष्ठ नागरिक संघांसाठी आहे, मेस, लायब्ररी, वसतिगृहं चालवणाऱ्यांसाठी आहे. डॉक्टर नसलेल्या माणसांनी या कामात काय करायचं आणि कुठे थांबायचं, एवढंच यात आहे. वाचता वाचता आपल्याच मनात असे विचार आहेत असं जाणवलं तर बाकीचं नंतर वाचा, आधी १४४१६ लावा. ही टेली-मानस, केंद्र सरकारची मोफत सेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असते, आणि तिथे भाषा निवडता येते, मराठीसुद्धा. तो नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. जिवाला आत्ता, या घटकेला धोका असेल तर ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १०८ (ॲम्ब्युलन्स).

आकडे थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या १५,३८६ मध्य प्रदेशात. महाराष्ट्र आणि तमिळनाडूनंतर आपलं राज्य तिसरं. विद्यार्थ्यांच्या १३,०४४. भंवरकुआँ भागातल्या कोचिंगच्या मुलांकडे सगळ्यांचं लक्ष असतं ते योग्यच, पण त्याच अहवालात रोजंदारीवर जाणाऱ्यांची संख्या विद्यार्थ्यांच्या तिपटीहून जास्त आहे, आणि त्यांच्यासाठी मंडळात व्याख्यान ठेवल्याचं सहसा ऐकू येत नाही. कारणांच्या रकान्यात सर्वांत वर कौटुंबिक अडचणी (३१.७ टक्के) आणि त्याखालोखाल आजारपण (१८.४ टक्के). पोलिसांच्या कागदावर कारण एक लिहिलं जातं. प्रत्यक्षात कर्ज, दारू, दुखणं, भांडण असं दोन-चार गोष्टींचं एकत्र ओझं असतं, आणि त्यातली एखादी जरी हलकी झाली तरी माणूस तगू शकतो. मंडळाच्या हातात जे काम आहे ते इथेच.

विचारल्याने डोक्यात भरतं का?

नाही. ही भीती जवळपास प्रत्येकाला असते, म्हणून तिच्यावर अभ्यासही झाले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ मुलांचे दोन गट केले. एका गटाला आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, दुसऱ्याला नाही. विचारलेल्या मुलांत त्रास वाढला नाही. जी आधीच खचलेली होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना उलट थोडं हलकं वाटलं. नंतरच्या अभ्यासांतूनही हेच दिसत आलं आहे. ज्याच्या मनात विचार नाही तो ‘छे, काहीतरीच काय’ म्हणतो आणि विषय संपतो. ज्याच्या मनात आहे त्याला पहिल्यांदा कुणीतरी विचारलेलं असतं.

विचारायचं कधी? बोलण्यातून खुणा मिळतात. ‘आता बस झालं’, ‘माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास’, ‘मी नसलो तर बरंच होईल’, ‘आता थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे’. वागण्यातूनही मिळतात: झोप उडणं, दारू एकाएकी वाढणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, कारण नसताना माफी मागत फिरणं. बरेच दिवस घालमेलीत असलेला माणूस अचानक शांत, मोकळा दिसू लागला तर घरच्यांना हायसं वाटतं. तो खरोखर सावरलेला असू शकतो, किंवा त्याने मनाशी काही ठरवलेलं असू शकतं. म्हणून तेव्हाही विचारायचं. पूर्वी एकदा प्रयत्न झालेला असेल तर ती सर्वांत मोठी खूण समजावी.

ज्येष्ठांचं वेगळं. ‘देवानं आता न्यावं’ हे सत्तरी ओलांडलेल्या बाई भाजी निवडता निवडता म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात नातवाच्या मुंजीचं बोलतात. ती बोलायची रीत झाली. पण सुदामा नगरात किंवा लोकमान्य नगरात मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत, जोडीदार नुकताच गेलेला आणि गुडघे धरलेले, अशा घरात तेच वाक्य वेगळं असू शकतं. ते ओळखायचा मार्ग एकच: ‘काका, देव नेईल तेव्हा नेईल, पण तुम्ही स्वतःच काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ त्यावर ‘हॅट, तसलं काही नाही’ असं लगेच आलं तर विषय बदला. उत्तर यायला वेळ लागला, नजर खाली गेली, तर चहा ठेवा आणि बसा.

‘हो’ म्हणाला तर

पहिलं वाक्य आधीच पाठ असावं, कारण त्या क्षणी आपलंच तोंड कोरडं पडतं. ‘सांगितलंस ते फार बरं केलंस. मी इथेच आहे, घाई नाही.’ मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. हे दहा आकडे नवख्यांना सर्वांत जड जातात. त्यांना गप्प राहवत नाही आणि ते उपदेशाला लागतात.

‘आई-बापाचा तरी विचार कर’ हे त्यातलं सर्वांत लाडकं वाक्य. तो विचार त्याने हजारदा केलेला असतो, आणि आपण त्यांच्यावर भार झालो आहोत या निष्कर्षाला येऊन बसलेला असतो. आपल्या वाक्याने त्यावर अपराधीपणाची भर पडते. ‘लोकांना याहून किती मोठी दुःखं असतात’ याचाही उपयोग शून्य. ‘माझ्या गळ्याची शपथ घे’ हे प्रेमापोटी म्हटलं जातं, पण शपथेने किंवा लेखी वचनाने आत्महत्या टळतात याला पुरावा नाही. होतं इतकंच की पुढच्या वेळी विचार आला तर शपथ मोडली म्हणून तो आपल्यापासूनच लपवतो.

‘कुणाला सांगणार नाही’ असंही कबूल करायचं नाही. म्हणायचं हे: ‘गावभर होणार नाही, ही माझी जबाबदारी. पण तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर एका-दोघांना सांगावं लागेल, आणि कुणाला ते तुला विचारून ठरवू.’ अठरा वर्षांखालच्या मुलाकडून लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर मात्र पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे मंडळाने आपसात मिटवण्याच्या फंदात पडू नये. १०९८ वर चाइल्डलाइन आहे.

त्याचं बोलणं थोडं वाहू लागलं की पाच गोष्टी समजून घ्यायच्या. चौकशी केल्यासारख्या नव्हे, बोलण्याच्या ओघात: विचार किती दिवसांपासून येतात, कसं करायचं हे ठरवलंय का, त्यासाठी लागणारं काही हाताशी आहे का, कधी करायचं याचं काही मनात आहे का, आणि यापूर्वी कधी प्रयत्न झाला होता का. ‘कसं’ हे फक्त इतकंच कळायला हवं, की ते त्याच्यापासून दूर करता येईल. तपशिलात शिरू नये आणि नंतर कुणाला सांगूही नये.

यावरून घाई किती ते ठरतं. मार्ग ठरलेला आहे, साधन हाताशी आहे किंवा वेळही ठरली आहे: त्याला एक मिनिट एकटं सोडायचं नाही आणि आत्ताच्या आत्ता रुग्णालय. विचार येतात पण ठरलेलं काही नाही: त्याच्यासमोर, फोन स्पीकरवर ठेवून १४४१६ लावायचा, आणि एक-दोन दिवसांच्या आत डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाची वेळ घ्यायची. मधल्या रात्रींसाठी कोण सोबत असेल ते नाव घेऊन ठरवायचं. ‘कुणीतरी असेलच’ यावर सोडलं की कुणीच नसतं.

सोबत जाणं

‘डॉक्टरला दाखवून घे’ असं सांगून आपण निघतो, आणि तो जात नाही. अंगात बळ नसतं, पैशांची धास्ती असते, ओपीडीची रांग कुठे लागते ते माहीत नसतं. म्हणून दोघांनी जायचं. एक जण पूर्ण वेळ त्याच्याशेजारी, दुसरा पर्चीच्या खिडकीपाशी. बरोबर ओळखपत्र, जुनी प्रिस्क्रिप्शनं, चालू औषधांच्या पट्ट्या आणि घरच्या एकाचा फोन नंबर. दुचाकीवर त्याला मागे बसवून नेण्यापेक्षा रिक्षा बरी, मधे बसवता येतं.

कुठे जायचं याबाबत एक गोंधळ नेहमी होतो. बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय, जे एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेलं आहे, ते मनाच्या आजारांसाठी आहे. कुणी काही गिळलं असेल, जखम झाली असेल, शुद्ध हरपत असेल, तर थेट एमवाय (महाराजा यशवंतराव रुग्णालय) किंवा जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय गाठायचं. जिवाचा धोका टळल्यावर मानसोपचार. काही गिळल्याचा नुसता संशय असला आणि माणूस वरवर ठीक दिसत असला तरी थांबायचं नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उद्योग करायचा नाही, त्याने अपाय वाढतो. काय घेतलं असेल त्याचं पाकीट किंवा बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या. खाजगी रुग्णालय ‘पोलीस केस आहे’ म्हणून पाठ फिरवू लागलं तर त्यांना आठवण द्या: तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं आहे.

पोलिसांची भीती हेही उशिराचं मोठं कारण. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरून चालायचं. तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम त्या रूपात उरलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं, पोलीस येऊन जबाब घेऊ शकतात. पण त्या भीतीने कुणी घरीच झाकून ठेवू नये.

बाणगंगेचं नाव काढलं की घरचे दचकतात, हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको. अशांसाठी जिल्हा रुग्णालयातला ‘मन कक्ष’, म्हणजे तिथला मानसिक आरोग्याचा विभाग, ही पहिली पायरी म्हणून सोपी पडते. इतर दुखण्यांच्या गर्दीतच जायचं असतं, त्यामुळे शेजाऱ्यांना उत्तर द्यावं लागत नाही.

एका पानाचा आराखडा

बोलणं झालं, डॉक्टर झाले, आता रात्री अडीच वाजता विचार पुन्हा आला तर? त्यासाठी सुरक्षा आराखडा असतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी घडवलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. सहा भाग, एकच पान, अर्धा-पाऊण तास. शक्यतो समुपदेशकाबरोबर करावा, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यालाही मदत करता येते. अट एकच: शब्द त्याचे, अक्षर त्याचं. आपण सुंदर लिहून दिलेला कागद तो उघडत नाही.

खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या, बऱ्हाणपूरकडून आलेल्या एखाद्या मुलाचं पान असं दिसेल, हा नमुना समजा. पहिला भाग, विचार येऊ लागल्याच्या खुणा: ‘टेस्टचा निकाल लागला की मेसला जात नाही, फोन सायलेंट करतो, भिंतीकडे तोंड करून पडतो.’ दुसरा, एकट्याने करता येण्याजोगं: ‘गार पाण्याने अंघोळ, गच्चीवर नाही तर खाली रस्त्यावर चालणं, मोबाइलवर जुन्या मॅचेस.’ तिसरा, जिथे गेल्याने मन दुसरीकडे वळतं अशी माणसं आणि जागा. इथे दुःख सांगायचं नसतं, नुसतं असायचं: ‘कोपऱ्यावरची पोह्याची गाडी, रूममेटबरोबर कॅरम.’ चौथा, ज्यांना खरं सांगता येईल: ‘मावशी, मोठा दादा’, नंबरासकट. आईबाबा या यादीत नसले तर हट्ट धरू नये. पाचवा, व्यावसायिक मदत: डॉक्टरांचं नाव, वेळ, १४४१६. सहावा, खोली सुरक्षित करणं: काय दूर ठेवायचं आणि कुणाकडे.

भरताना चुका होतात त्या दुसऱ्या भागात. ‘ध्यान, प्राणायाम, सकारात्मक विचार’ असं लिहून मोकळं होतात. त्याने आयुष्यात कधी प्राणायाम केला नसेल तर रात्री अडीचला कसा करेल? प्रत्येक ओळीला विचारायचं: हे तू खरंच करशील का? अडचण काय येईल? ‘मावशी रात्री फोन उचलत नाहीत’ असं निघालं तर मावशींना आधीच सांगून ठेवायचं. पानाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये, कागद पाकिटात.

सहाव्या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. तीव्र विचारांची लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते, कधी काही मिनिटांची. तेवढ्यात साधन हाती लागलं नाही तर लाट ओसरते. ‘एक मार्ग बंद केला तर दुसरा शोधेल’ हा समज बहुतांशी चूक. प्रयत्नातून वाचलेल्या दर दहातले साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. घरात ज्येष्ठांच्या बीपी-शुगरच्या, झोपेच्या गोळ्या महिना-दोन महिन्यांच्या एकदम आणलेल्या असतात. त्या आठवड्या-आठवड्याने आणाव्यात, उरलेल्या जुन्या पट्ट्या केमिस्टला विचारून टाकाव्यात, चालू असलेल्या घरातल्या एकाच्या ताब्यात द्याव्यात. हे त्याला सांगून, त्याच्या होकाराने करायचं: ‘हे काही कायमचं नाही, तुला बरं वाटेपर्यंत.’ चोरून केलं की विश्वास जातो.

सांवेर, देपालपूरकडच्या शेतकरी घरांत प्रश्न कीटकनाशकांचा. सणासुदीला देणगी गोळा करून घरोघरी कुलपाचे डबे वाटावेत, असं मनात येतं. श्रीलंकेत १८० गावांत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, २०१७ साली निष्कर्ष आले: फरक पडला नाही. डबा घरात, किल्लीही घरातच. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्याने मात्र वीसेक वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक घसरलं. बंदी मंडळाच्या हातात नाही. फवारणीपुरतंच विकत घेणं आणि उरलेलं घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणं हे हातात आहे. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात पुण्याच्या एका संस्थेने गावाची सामायिक साठवण, शाळेतल्या मुलांचा कार्यक्रम आणि आशा कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण अशी तिन्हींची सांगड घातली. दिशा ती योग्य वाटते.

दुसऱ्या दिवसापासूनचं काम

बहुतेक उपक्रम इथे कोलमडतात. १० सप्टेंबरला, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनी, व्याख्यान होतं, पोस्टर लागतं, एखाद्याला दवाखान्यात नेलंही जातं, आणि महिन्याने त्याचं काय झालं ते कुणालाच माहीत नसतं. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमकं तेव्हाच घर ‘सुटलो’ म्हणून सैलावतं.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक चाचणी केली, २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेले १,८६७ जण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. अर्ध्यांना त्याशिवाय तासभराचं समजावणं आणि पुढे अठरा महिन्यांत नऊ वेळा संपर्क, फोनवर किंवा भेटून. अठरा महिन्यांनंतर पहिल्या गटात आत्महत्येने १८ मृत्यू, दुसऱ्यात २. तो संपर्क आरोग्यसेवेतल्या प्रशिक्षित माणसांनी केला होता, हे विसरून चालणार नाही. मंडळाच्या फोनने औषधाचं काम होणार नाही. पण वेळापत्रक जसंच्या तसं उचलता येतं: १, २, ४, ७ आणि ११ वा आठवडा, मग ४, ६, १२ आणि १८ वा महिना. पहिल्याच दिवशी नऊच्या नऊ तारखा वहीत लिहायच्या, प्रत्येकीपुढे कोण फोन करणार त्याचं नाव. गणपतीत पहाऱ्याच्या पाळ्या लावतो, तशाच.

फोन पाच-सात मिनिटांचा. ‘कसा आहेस? जेवण-झोप कशी? विचार परत आले का? आराखडा काढून पाहिलास का, काय उपयोगी पडलं? डॉक्टरची पुढची तारीख कधी?’ बस. औषध ‘जड वाटतं’ म्हणून स्वतःच बंद केलेलं असेल तर रागवायचं नाही, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन लावून द्यायचा. फोन उचलला नाही तर तासाने दुसरा, मग मेसेज, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर नसेल तर आधी ठरवलेल्या दुसऱ्या माणसाला. हा क्रम त्याला पहिल्या दिवशीच सांगितलेला असावा, म्हणजे पाळत ठेवल्यासारखं वाटत नाही. वहीत पूर्ण नाव नको, अद्याक्षरं पुरेत. ती वही कुलपात, आणि यातलं काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, ‘फक्त कार्यकारिणीचा’ ग्रुप असला तरी.

कुणाला शिकवायचं, कसं

अध्यक्ष आणि सचिवांनी पहिल्या रांगेत बसायची सवय इथे मोडावी लागते. ज्यांच्याशी लोक आधीपासूनच बोलतात अशी माणसं हवीत: मेसवाल्या काकू, लायब्ररीत रात्री बसणारा मुलगा, कोपऱ्यावरचा केमिस्ट, भजनी मंडळातली सगळ्यांच्या घरचं माहीत असलेली एखादी, भिशीच्या ग्रुपमधली दुसरी. मेसवाल्या काकूंना डबा तसाच परत आला हे तीन दिवसांत कळतं. पालकांना ते तीन महिन्यांत कळत नाही. नुकतंच स्वतःच्या घरात असं दुःख झालेल्यांना आग्रह करू नये.

एका वेळी पंधरा ते वीस जण, दोन सत्रं, प्रत्येकी अडीच-तीन तास, मध्ये आठवड्याचं अंतर. निम्म्याहून जास्त वेळ तिघातिघांच्या गटात सराव: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक पाहणारा. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ हे प्रत्येकाने मोठ्याने किमान पाच-सहा वेळा म्हटलं पाहिजे. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा आवाज पडतो, चौथ्यांदा नीट निघतं. इंदुरात गरज पडते म्हणून तेच हिंदीतही घोकून घ्यायचं. शिकवणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ असावा. सहा महिन्यांनी एक उजळणी, कारण वाढलेला धीर तोवर उतरलेला असतो.

पण प्रशिक्षण एकटं फार पुरत नाही. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळा आणि अकरा हजारांवर मुलं घेऊन झालेल्या अभ्यासात (२०१५) फक्त शिक्षकांना खुणा ओळखायला शिकवल्याने प्रयत्नांच्या संख्येत लक्षणीय फरक दिसला नाही. चार आठवड्यांत पाच तास थेट मुलांशीच, नाट्यरूपाने आणि चर्चेतून काम केलं तिथे वर्षभराने प्रयत्न जवळपास निम्म्यावर आले. मुलं आधी एकमेकांनाच सांगतात, सरांना नाही. त्यामुळे वसतिगृहाच्या वॉर्डनबरोबर वरच्या मजल्यावरची चार मुलंही प्रशिक्षणात हवीत.

कोचिंगवाल्यांशी बोलायचं असेल तर हातात एक कागद न्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्था, कोचिंग आणि वसतिगृहांसाठी निर्देश दिले आहेत: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, हेल्पलाइनचे नंबर ठळक अक्षरांत भिंतीवर, आणि गुणांवरून बॅचेस पाडणं नको. विनंतीपेक्षा या कागदाने काम लवकर होतं.

एखादी आत्महत्या झालीच, तर त्या घरी जावं. टाळू नये. ‘का केलं असेल?’ हा प्रश्न विचारू नये, गेलेल्याचं नाव घेऊन त्याच्याबद्दल बोलावं. पहिले पंधरा दिवस डब्यांची पाळी लावावी आणि चौदाव्या दिवसानंतरही कुणी ना कुणी जात राहावं, कारण माणसं तेव्हाच पांगतात. घरातल्या मुलांना ‘हार्ट अटॅक आला’ असं खोटं सांगू नये. शाळेत दुसऱ्याकडून कळतंच. चिठ्ठी, फोटो, पद्धत यातलं काही फॉरवर्ड होत असेल तर ग्रुप ॲडमिनने लगेच काढावं. खचलेल्या दुसऱ्या कुणाला त्यातून नको त्या गोष्टीचं बळ मिळू शकतं.

कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा तासभर बसावं, शक्यतो समुपदेशकाबरोबर. एकाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त माणसं नकोत. कुणी पाळीतून सुटी मागितली तर कारण विचारू नये. याच बैठकीत नंबरांची यादी बाहेर काढायची: डॉक्टर बदलतात, ओपीडीच्या वेळा बदलतात, समुपदेशकाचा मोबाइल बदलतो. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर स्वतः लावून पाहायचा, आणि जो लागत नाही तो त्याच बैठकीत खोडून दुसरा मिळवायचा.